जोराची गोळी

पिंपळटोला, ता. अर्जुनी मोरगाव
२२ जून २०२५

अल्के, जयभीम.

फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणते आणि दुकानात गिऱ्हाईक आलं का सारं विसरते, म्हून कागदावर लिहून राहिली. भैयालाल भाजीवाला रोज गोंदियाहून सकाळच्या गाडीनं अर्जुनीले माल आणते. त्याच्याजवळ हा कागद देते. तो तुह्या मेडिकलात आणून देईल आणि येताना तुहं सामान बी घेऊन येईल.

धानाच्या रोवणीचे परे वीतभर झाले. औंदा मी चौदा बायांची टोळी बांधली. काम हुंड्यानं घेतलं, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर नाही, एकरावर. एक जण मागं राहिली का चौदाही जणी अडकते, म्हून मले वळण लागते. तोंडात तंबाखूचा खर्रा चालत नाही, काम सोडून गप्पा चालत नाही. माही टोळी तालुक्यात काऊन नावाजली आहे? नशापाणी नाही म्हून. सात साल झाले, आमी बायांनी गावातले मोहाच्या दारूचे मडके फोडले होते, तुले आठवते ना? पार्वताबाई पुढं आणि तिच्या मागं मी. तवापासून गावात थेंब नाही. विहारात रोज वंदना होते, नशा न करण्याचं पाचवं शील म्हणताना आमची मान खाली जात नाही. मले याचा गर्व आहे म्हण, काही बी म्हण.

आता कामाचं. माही कंबर. तीन सालाआधी तू दिली होती ती जोराची गोळी, लालपांढरी कॅप्सूल, ती घेतली का दिवसभर वाकून बी कंबर आहे का नाही समजत नाही. मागच्या साली चार पाकिटं पाठवली होती. औंदा तीस पाठव. एवढी कायले म्हणशील, तर सीझन मोठा आहे. एखादीचं अंग दुखलं तर आपल्याजवळ असावी. शेवटी औषधच आहे.

तुह्या रुचीच्या परीक्षेचं काय झालं? तू तिचं काहीच सांगत नाही.

तुही ताई,
शामकला

*

गोंदिया
२७ जून

ताई, जयभीम.

घाईत लिहून राहिली आहे, शेठ जेवायला गेले आहेत. तीस पाकिटं डब्यात घातली, वर चिवडा पसरवला आहे. भैयालालला सांगितलं चिवडा आहे म्हणून. तू पण तेच सांग. या गोळीचं नाव फोनवर घेत जाऊ नको. आजकाल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही, रजिस्टरला चढवावी लागते. तू घरची म्हणून मी कसंतरी जमवते. ही चिठ्ठी वाचून झाली की फाडून टाक.

रुचीचे दोन विषय गेले. खूप बारीक झाली आहे, चिडचिड करते, एकटी बसते. मी विचार केला, दोन महिने तिला तुझ्याकडे पाठवते. हवा बदलेल, रोवणीला नेशील तर अंग हलेल. इथं काय, मैत्रिणी तशाच, मोबाईल आहेच. तुझं गाव मला एकदम बरं वाटतं. दारू नाही, मवाली पोरं नाहीत, जवळपास मेडिकल पण नाही. पाच तारखेला भैयालालसोबत गाडीत बसवून देते.

एक सांगते, राग मानू नको. गोळ्यांचा डबा कुलपात ठेव. तिच्यासमोर काढू नको. का ते विचारू नको, माझं मन आहे आपलं.

ताई, ती हसायची ना पहिले, तशी हसली की मला कळव.

तुझी,
अल्का

*

पिंपळटोला
९ जुलै

अल्के, जयभीम.

पोरगी पोचली. तुहा निरोप बी पोचला आणि खरं सांगते, मले राग आला. स्वतःच्या पोरीवर कोणी चोरीचा आळ घेते का? कुलपात ठेव म्हणे. लोक सोनं कुलपात ठेवते, तू अंगदुखीची गोळी ठेवाले सांगून राहिली. तुह्या समाधानासाठी ठेवली आहे, चाबी माह्या पदराले आहे. पण पोरीले समजलं असेल तर तिले काय वाटलं असेल, इचार कर.

रोवणी लागली. दुसऱ्याच दिवशी माहा मोबाईल धानाच्या बांधीतल्या चिखलात पडला. तांदळात खुपसून ठेवला, तरी चालू होत नाही. सुनेचा आहे, पण तो तिच्या माहेरी गेला तिच्याबरोबर. आता कागदच आपला फोन.

रुचीचं सांगते. आली तो पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशीपासून जांभयावर जांभया. नाक गळते, डोळे गळते, आणि अंगाले हात लावून पाहिलं तर ताप नाही. अंगावर काटा येते, पोट बिघडलं, पाय म्हणते एका जागी ठेववत नाही. निजल्यावर बी पाय झाडते. मी म्हटलं, चिखलाची सवय नाही पोरीले, शहरातलं अंग. पार्वताबाई म्हणाली, "चार दिवस रोव, मंग सरळ होशील." पण बाकीच्या बाया बोलून राहिल्या. दुर्गेश्वरी तर तोंडावर म्हणाली, "शामकलाबाई, तुमची भाची आहे म्हून तिची ओळ आमी रोवाची का?" दुर्गेश्वरी अशीच, पोटात एक ओठात एक तिले जमत नाही. आणि तिचं चुकलं बी नाही. हुंड्याचं काम आहे.

काल रुची बांधीच्या धुऱ्यावर बसून रडत होती. मी जवळ गेली तर म्हणते, "मोठीमाय, माझी हाडं कोणीतरी आतून ओढून राहिलं." अंगदुखीच ते, दुसरं काय? मले तिची दया येते.

उद्या आषाढी पौर्णिमा. वर्षावास लागते. उद्यापासून तीन महिने संध्याकाळी विहारात वाचन राहील. रुचीले पांढरं लुगडं दिलं आहे.

शामकला

*

गोंदिया
१२ जुलै

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तिला कोणतीच गोळी देऊ नको. डोकेदुखीची नको, तापाची नको, कोणतीच नको. काळा चहा दे, लिंबूपाणी दे, पेज दे. रडली तर रडू दे. ओरडली तर ओरडू दे. हे आठ-दहा दिवसांत आपोआप जाते, मला माहीत आहे. कसं माहीत ते भेटल्यावर सांगीन. कागदावर नाही लिहिता येत.

मी स्वतः येणार होते. शेठनी स्टॉक मोजायला काढला आहे, सुट्टी नाही म्हणाले. मोजणीत तीस पाकिटं कमी निघाली तर काय सांगायचं त्याचंही टेंशन आहे. मी तुटफूट दाखवून देईन.

आणि ताई, एक विचारू? तू तर रोज एकच घेते ना? मग तीस पाकिटं तुला किती वर्षं पुरतील? बाकी बायांना तू कधीमधीच देत असशील असं मी धरून चालले आहे. ह्याचं उत्तर लिही.

चिठ्ठी फाड.

अल्का

*

पिंपळटोला
१८ जुलै

अल्के, जयभीम.

तुही बारा तारखेची चिठ्ठी मले चवदाले मिळाली आणि वाचून मी हसली. तू उगीच भिते. पोरगी ठणठणीत आहे.

काय झालं ते ऐक. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी रुची चिखलातच खाली बसली. उठताच येईना. सगळ्यांचं काम थांबलं. मी म्हटलं, आपण चौदा जणी घेतो, मंग या लेकरानं काय पाप केलं? पदरची चाबी काढली आणि एक गोळी दिली. अर्ध्या तासात पोरीचं नाक बंद, पाय बंद, तोंडावर रंग. संध्याकाळपर्यंत ती दुर्गेश्वरीच्या पुढं निघून गेली. अल्के, ती हसली. तू लिहिलं होतं ना कळव म्हणून, तशीच हसली, खळी पडून. मले म्हणाली, "मोठीमाय, तू मला आधी का नाही सांगितलं तुझ्याजवळ आहे म्हणून?" विहारात त्या दिवशी तिनं सगळ्यांत खड्या आवाजात शील म्हटलं.

तुह्या प्रश्नाचं उत्तर. हो, सगळ्याच जणी घेते. मागच्या साली चार जणी घेत होत्या, औंदा चौदाही. रोज दुपारच्या भाकरीनंतर एक. काहींले सकाळी बी लागते. तू मले डॉक्टर समजून रजिस्टर कायले विचारून राहिली? आमी कोणाले दारू पाजून राहिलो का? ही न घेता मागच्या साली त्या चौघींचं काय झालं होतं ते तुले माहीत नाही. रोवणी सरली, गोळ्या सरल्या आणि आठ दिवस चारही जणी आजारी. नाक गळणं, पोट बिघडणं, झोप नाही. दवाखान्याचे लोक येऊन विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. पाणी चांगलं निघालं. मंग आमालेच समजलं, कष्टाचं अंग एकदम मोकळं सोडलं का ते बिघडते. म्हून औंदा रोवणी झाल्यावर बी थोडी थोडी चालू ठेवीन म्हणते. तेवढ्यासाठी आणखी वीस पाकिटं पाठव.

रुचीले मी डब्यावर ठेवली आहे. तिले पाकिटावरचं वाचता येते, हिशेब येते. कोणाले सकाळची, कोणाले दुपारची, सारं ती पाहते. बाया बी खुश, तिच्या पुढं हात पसरून उभ्या राहते. चाबी तिच्याच जवळ आहे.

उद्या आमी इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या गावाले चाललो. आठ दिवस तिथंच मुक्काम, शाळेच्या व्हरांड्यात. भैयालाल तिकडं येत नाही, सामान घरी ठेवून दे म्हण त्याले.

शामकला

*

गोंदिया
२० जुलै

ताई,

ही चिठ्ठी तुला मिळाली की त्याच क्षणी रुचीला गाडीत बसव आणि इकडं आण. बाकी मग वाच.

सुनेच्या फोनवर सोळा वेळा लावला. लागत नाही. भैयालालच्या हाती देते आहे, तो घरी ठेवेल, कोणी ना कोणी तुला पोचवेल.

रुचीला सवय आहे. मी हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिते आहे, तोंडानं तर अजून बोललेच नाही. दीड वर्ष झालं. पहिली गोळी मीच दिली होती, पाळीत पोट दुखत होतं तेव्हा. नंतर ती माझ्या पर्समधून घ्यायची, मग दुकानातून, मी जेवायला गेले की. दिवसाला आठ-आठ घ्यायची ताई. मार्चमध्ये बाथरूममध्ये पडली, हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी शेजाऱ्यांना चक्कर आली म्हणून सांगितलं. जास्त गोळ्या झाल्या की असे झटके येतात, हे मला दुकानात राहून माहीत होतं. तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं. पण कुठल्या डॉक्टरकडे? सगळे आमच्या दुकानाचे ओळखीचे. नोकरी जाईल, पोरीचं नाव खराब होईल, तिचं लग्न कसं होईल, हेच डोक्यात.

म्हणून तुझ्याकडे पाठवली. जिथं मेडिकल नाही, नशा नाही. मला वाटलं तुझ्याकडे महिनाभर राहिली की सुटेल. आणि मीच तुला डबा भरून दिला होता. मी समजत होते तू कुलपात ठेवशील.

तू तिच्या हातात चाबी दिलीस.

ताई, ती स्वतः किती घेत असेल याचा हिशेब तुझ्याजवळ नाही. डबा तिच्याकडून घे. एकदम बंद पण करू नको, मला आता काही समजत नाही. फक्त आण तिला.

अल्का

*

गोंदिया, मोठा दवाखाना
२६ जुलै

ताई,

तू परवा न बोलताच निघून गेलीस. मी सलाईनची बाटली आणायला खाली गेले होते, वर आले तर तू नव्हतीस. वीस तारखेच्या चिठ्ठीचं उत्तर आलं नाही. आता त्याची गरज पण राहिली नाही.

रुची डोळे उघडते. पाणी पिते. छातीत चिखलाचं पाणी गेलं होतं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. मला ओळखते पण भिंतीकडे तोंड करून असते. कालपासून पुन्हा जांभया, पाय झाडणं सुरू झालं आहे. नर्स म्हणते अशक्तपणा आहे.

डॉक्टर रोज विचारतात, हिला काय दिलं होतं, काही घेत होती का. मी सांगितलं लहानपणापासून मिरगी आहे. त्यांनी मिरगीचं औषध चालू केलं. तुला कोणी विचारलं तर तू पण मिरगीच सांग. टोळीतल्या बायांना पण सांगून ठेव. चूक तुझी किंवा माझी असा विषय नाही, जे झालं ते झालं. पोरगी वाचली हे बघ. आता केस झाली तर दुकान जाईल, मी जाईन, तू पण जाशील, आणि तिच्या नावावर आयुष्यभराचा शिक्का. कोणाचं भलं आहे त्यात?

माझ्या सगळ्या चिठ्ठ्या चुलीत घाल. घातल्या म्हणून दोन ओळी लिहून पाठव, म्हणजे मला झोप लागेल.

अल्का

*

पिंपळटोला
३० जुलै

अल्के,

तू दोन ओळी मागितल्या. माह्याच्यानं दोन ओळीत होत नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. मी गोळी कमी केली आहे, हा चौथा दिवस. नाक गळते, हाडं आतून ओढते. रुची धुऱ्यावर बसून जे सांगत होती ते मले आता समजलं. तवा मी म्हटलं होतं, अंगदुखीच ते.

आधी त्या दिवसाचं. दवाखान्यात मी तुह्याशी बोलली नाही, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडली असती. रोवताना कोणी वर पाहत नाही. सगळ्या वाकलेल्या, नजर पाण्यात, हात आपला चालत राहते. पार्वताबाई गाणं सांगत होती आणि आमी मागून म्हणत होतो. रुची माह्यापासून तिसरी. गाण्यात एक आवाज कमी झाला ते मले समजलं नाही. पार्वताबाईले ओळ दिसली. सगळीकडं हिरवं लागलं होतं आणि मधात हातभर पट्टा रिकामा. तिनं वळून पाहिलं तर पोरगी पालथी, तोंड चिखलात, पाय झटके देऊन राहिले. पाणी किती होतं माहीत आहे? घोट्याएवढं. घोट्याएवढ्या पाण्यात तुही पोरगी बुडून राहिली होती आणि आमी चौदा जणी गाणं म्हणत होतो.

तोंडातला चिखल मी बोटानं काढला. तिच्या ओटीत डबा बांधलेला होता. अकरा दिवसांत चौदा बायांच्या वाट्याच्या सोडून साडेसहा पाकिटं कमी होती. ती तिनं खाल्ली. मी तिले चाबी दिली, आणि चाबी देताना म्हटलं होतं, माह्या भाचीवर माहा भरवसा आहे.

घरी आली तर तुही वीस तारखेची चिठ्ठी मिठाच्या डब्याखाली होती. माहेराहून परतलेल्या सुनेनं सांभाळून ठेवली होती बिचारीनं. बावीस तारखेले पोरगी पडली, तवा त्या चिठ्ठीले इथं येऊन दोन दिवस झाले होते. मी ती वाचली आणि पहिलं माह्या मनात काय आलं सांगू? गोंदियाहून अर्जुनी गाडीनं दोन तास. तुह्या पोरीचा जीव जाऊन राहिला होता हे तुले माहीत होतं आणि तू चिठ्ठी पाठवली. शेठ सुट्टी देत नाही म्हणे. तुले यायचं नव्हतं, कारण आली असती तर तोंडानं सांगावं लागलं असतं.

हे मी दिवसभर मनात घोळवलं, अल्का अशी, अल्का तशी. लई बरं वाटत होतं. मंग संध्याकाळी माह्या अंगाले जांभया सुटल्या, आणि मी विचार न करता उठून डब्याजवळ गेली. हात आत गेला तवा थांबली. म्हटलं, शामकले, हा हात कोणाचा आहे? अल्काचा आहे का?

मनातल्या मनात तुले मी विचारून राहिली होती, तीस पाकिटं पाठवताना तुले वाटलं तरी काय, माह्याजवळ काय वीस-तीस कंबरा आहे? तू मोजून भरली. पण मागितली मी. मागच्या साली त्या चौघी आजारी पडल्या तवाच मले समजलं होतं, अल्के. पूर्ण नाही, पण समजलं होतं. डब्याच्या तळाशी सापडलेली एक गोळी मी पार्वताबाईले देऊन पाहिली होती आणि तासाभरात ती उठून भांडे घासत होती. त्याच वेळी मले कळाले पाहिजे होतं ते मी कळू दिलं नाही. दवाखान्याचे लोक विहिरीचं पाणी नेत होते आणि मी त्याहिले बाटली धरून देत होती. मडके फोडणारी बाई मी. मले कोण नशेवाली म्हणणार?

सोमवारी मी तालुक्याच्या दवाखान्यात गेली. नवी डॉक्टरीणबाई आहे. तिले सारं सांगितलं. रुचीले मिरगी नाही, गोळ्या आहे, किती आहे, कधीपासून. तिनं माह्यासमोर गोंदियाले फोन लावला आणि तुह्या वॉर्डातल्या डॉक्टरशी बोलली. म्हणून काल त्याहिनं औषध बदललं असेल. तुले त्याचा राग येईल, येऊ दे. तू मिरगी सांगत राहिली असती तर पोरीले पुन्हा झटका आला असता, असं बाई म्हणाली. दुसऱ्यांदा घोट्याएवढं पाणी बी लागलं नसतं.

तुह्या चिठ्ठ्या मी चुलीत घातल्या नाही. पहिल्या चिठ्ठीपासूनची एकही फाडली नाही. तू फाड म्हणत होती आणि मले वाटायचं, लहान बहिणीचं अक्षर आहे, कायले फाडाचं. त्या साऱ्या आणि मले आठवलं तसे लिहिलेले माह्या कबुलीचे दोन कागद डॉक्टरीणबाईजवळ दिले. त्याच्यात तुहं नाव आहे, माहं बी आहे. तिनं विचारलं, ही अल्का कोण? मी म्हटलं, माही बहीण आहे, तिले धरून आणू नका, ती तिच्या पायानं येईल. शुक्रवारपर्यंत थांबते म्हणाली. मी तुहा भरवसा दिला आहे. भरवसा द्यायची मले आता भीती वाटते, तरी दिला.

काल विहारात गेली. वंदना सुरू झाली. चार शीलं सगळ्यांबरोबर म्हटली आणि पाचव्याले माही जीभ उचलली नाही. बाजूच्या बायाही हळूहळू थांबल्या, कारण आवाज मीच लावते. मंग मी उभी राहिली आणि सांगितलं. लाल-पांढरी गोळी म्हणजे नशाच, मी तुमाले दिली, मले समजल्यावर बी दिली. रुची काऊन पडली ते सांगितलं. उद्या सकाळच्या बसनं माह्याबरोबर डॉक्टरीणबाईकडं चला, ती हळूहळू सोडवून देईल, एकदम तोडली तर अंग लई हाल करते.

मले वाटलं होतं शिव्या देतील. पार्वताबाईनं कमरेची दोन गोळ्यांची पुडी काढली आणि माह्या पायाजवळ ठेवली. मंग दुर्गेश्वरी बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती टाकू विचारावं तसा. "ते सारं ठीक आहे शामकलाबाई. पण रोवणी अजून आठ दिवस आहे. उद्याची कोण देईल?"

आज सकाळी बसजवळ माह्यासकट नऊ जणी आल्या. दुर्गेश्वरी नाही आली. तिच्याबरोबरच्या चौघी बी नाही आल्या. त्या दुसऱ्या टोळीत रोवाले गेल्या म्हणते.

मी आज दवाखान्यातून परत येऊन हे लिहून राहिली. थोड्या वेळाआधी भैयालाल दारात आला होता, माही चिठ्ठी झाली का विचाराले. त्याच्या थैलीत माह्या आधी एक कागद होता, चौपदरी घडी केलेला. मी विचारलं कोणाचा. म्हणाला, दुर्गेश्वरीनं दिला, गोंदियाच्या मेडिकलात अल्काबाईच्या हातात द्यायचा आहे, येताना पुन्हा एक चिवड्याचा डबा आणायचा आहे.

मी त्याच्या हातातून तो हिसकून घेऊ शकत होती. नाही घेतला.

दोन्ही चिठ्ठ्या तुले एकाच वेळी मिळतील. आधी तिची उघड.

शामकला